गाडी नापास करा, सगळे मिळून करा

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले सर्व पीयूसी केंद्रचालक, गॅरेजमालक, फिटर आणि मिस्त्री

मित्रांनो, सप्रेम नमस्कार.

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी नोकरी गेली. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पहिलं इंजिन माझ्यासमोर खोललं आहे. आज तुमची गॅरेजं शहाद्यापासून मुक्ताईनगरपर्यंत पसरलेली दिसतात, पेट्रोल पंपाशेजारच्या व्हॅनवर तुमचं नाव दिसतं, आणि मला मनापासून बरं वाटतं. म्हणूनच हे पत्र परिवहन खात्याला लिहिण्याआधी तुम्हाला लिहितो आहे. खात्याला जे सांगायचं ते पुढे येईलच. ते मात्र मी एकट्याने सांगून भागणार नाही, त्यावर तुमच्या सह्या हव्यात.

मुद्दा सरळ आहे. आपल्याकडे पीयूसीला, म्हणजे धुराच्या तपासणीला, गेलेली गाडी नापास होत नाही. मागे काजळीचा पट्टा सोडत आलेली काळी-पिवळी पास होते. निळा धूर ओकणारी जुनी मोटारसायकल पास होते. काही ठिकाणी तर गाडी न्यावीच लागत नाही, नंबरप्लेटचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की प्रमाणपत्र मोबाइलवर येतं. हे सगळे करतात असं मी म्हणत नाही. प्रोब, म्हणजे यंत्राची तपासनळी, सायलेन्सरमध्ये नीट आत घालून, आकडा दोनदा बघून मगच प्रमाणपत्र देणारे केंद्रचालकही मला माहीत आहेत. पण त्यांची व्हॅन दुपारभर रिकामी उभी असते आणि पुढच्या चौकातल्या व्हॅनसमोर रांग असते. कापूस विकायला नेला आणि काट्यावर गाडी न चढवताच कोणी वजनाची पावती फाडली, तर खान्देशातला एक तरी शेतकरी ती मान्य करेल का? मग धुराच्या बाबतीत आपण ते का मान्य करतो?

आधी आपल्या देशाने काय कमावलं ते पाहू, कारण ते थोडंथोडकं नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्या डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण १०,००० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग, असायचं. पुढे ते टप्प्याटप्प्याने उतरत गेलं. गाड्यांच्या धुराच्या 'भारत स्टेज' मानकांच्या चौथ्या टप्प्याला, म्हणजे बीएस-४ला, ५० पीपीएमवर आलं आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं तेव्हा १० पीपीएमवर. शिसं असलेलं पेट्रोल २००० सालीच बंद झालं. बीएस-५ची पायरी आपण गाळली आणि ४ वरून थेट ६ वर गेलो. श्रीमंत देशांनीही ही उडी अशी एका दमात मारली नव्हती. रिफायनऱ्यांनी त्यासाठी हजारो कोटी घातले, कारखान्यांनी इंजिनं नव्याने बांधली. मनमाडजवळच्या पानेवाडीहून आपल्या पंपांवर टँकर येतात, त्यांतलं डिझेल आज युरोपातल्या डिझेलच्या तोडीचं आहे. गरीब, विकसनशील म्हणवल्या जाणाऱ्या देशाने हे करून दाखवलं.

इंधन सुधारलं, इंजिन सुधारलं. गाडी रस्त्यावर आल्यानंतरची पुढची पंधरा-वीस वर्षं मात्र तुमच्या-माझ्या हातात होती, आणि तिथे आपण मागे राहिलो.

नवी गाडी कारखान्यातून स्वच्छ निघते. नंतर एअर फिल्टर तुंबतो आणि मिश्रणात हवेच्या मानाने इंधन जास्त होऊन कार्बन मोनॉक्साइड वाढतो. इंजिनात डिझेल फवारणारं नोझल ठिबकायला लागतं आणि काळा धूर येतो. घाटात ओढ कमी पडते म्हणून कोणी इंजिनाच्या पंपाचं डिझेल वाढवून देतो आणि न जळलेलं डिझेल काजळी होऊन मागच्या माणसाच्या छातीत जातं. रिंगा झिजतात, ऑइल जळतं, निळा धूर सुरू होतो. हे तुम्हाला मी सांगायला नको. गाडी फाटकातून आत येताना नुसत्या आवाजावरून आणि धुरावरून दुखणं ओळखणारी माणसं तुम्ही. तपासणीचा सगळा उद्देश एवढाच, की अशी गाडी हुडकावी आणि तुमच्याकडे दुरुस्तीला पाठवावी. जी तपासणी तिला तशीच सोडून देते, तिच्यामुळे हवेत काहीच फरक पडत नाही.

नियम काय म्हणतो तेही एकदा उजळून घेऊ. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११५वा नियम हा आपला पाया. बीएस-४च्या आधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी पीयूसी, बीएस-४ आणि त्यापुढच्यांना वर्षाने. २००० नंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक मोटारसायकलला आयडलिंगवर, म्हणजे गाडी जागेवर नुसती चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ४,५०० पीपीएम. बीएस-४च्या पेट्रोल कारला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. डिझेलला जुन्या गाडीसाठी ६५ हार्ट्रिज (धुराच्या काळेपणाचं माप), बीएस-४साठी ५०. या मर्यादा काही फार कडक नाहीत. बरी देखभाल असलेली कुठलीही गाडी त्यांत आरामात बसते. म्हणजे जी नापास होईल ती खरोखरच आजारी असेल.

पण हे आकडे यंत्रावर खरे यायचे तर कामही खरं व्हावं लागतं. प्रोब सायलेन्सरमध्ये निदान ३० सेंटिमीटर आत जायला हवा. तो नुसता तोंडाशी टेकवला की बाहेरची हवा मिसळते आणि वाईटातली वाईट गाडी छान आकडा दाखवते. यंत्रावर कार्बन डायऑक्साइडचाही आकडा येतो, तो अगदीच कमी असेल तर नळीत हवा शिरली हे जाणणाऱ्याला लगेच कळतं. डिझेलची चाचणी गार इंजिनावर घ्यायची नसते. ऑइल तापलेलं हवं, आधी रेस देऊन सायलेन्सर मोकळा करायचा, मग पेडल एका झटक्यात पूर्ण दाबायचं आणि काही वाचनांची सरासरी धरायची. अर्धवट पेडल दाबलं की काजळी निघतच नाही. यंत्राचे फिल्टर बदललेले असावेत, कॅलिब्रेशन, म्हणजे आकडे खरे येतात ना याची जुळवणी, वेळेवर झालेलं असावं. तुम्हाला हे सगळं येतं. ज्यांना येत नाही, त्यांना शिकवायला मी आजही तयार आहे.

आता तुमची बाजू. ती खरी आहे आणि ती मोठ्याने सांगायला हवी.

राज्यात २०२२ मध्ये दर वाढले, तरी दुचाकीच्या पीयूसीला ५० रुपये मिळतात, पेट्रोल कारला १२५ आणि डिझेलला १५०. त्यातून व्हॅन, यंत्र, कॅलिब्रेशन, इंटरनेट, पोराचा पगार. डिझेलची पूर्ण चाचणी नियमाप्रमाणे घ्यायची तर चांगला वेळ जातो. तेवढ्यात शेजारचा पाच प्रमाणपत्रं काढतो. एका जुन्या विद्यार्थ्याला मी विचारलं तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "सर, पोटना सवाल शे." मी त्याला उलट काही बोललो नाही, कारण तो खरं बोलत होता. एकट्याने गाडी नापास केली तर गिऱ्हाईक रागावतं, दोन शब्द सुनावतं आणि पुढच्या व्हॅनकडे जातं. त्याला तिथे पाच मिनिटांत प्रमाणपत्र मिळतं. हवा होती तशीच राहते आणि प्रामाणिक माणसाचे तेवढे पैसे बुडतात.

म्हणून मी कोणा एकाला 'तू प्रामाणिक हो' असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. एकट्यादुकट्याने हे जमणारं नाही. एका गावातल्या सगळ्या केंद्रांनी एकाच दिवसापासून नियम धरला तरच जमेल. चाळीसगावात चाळीसगावच्या सगळ्यांनी, दोंडाईच्यात दोंडाईच्याच्या सगळ्यांनी. ज्याची गाडी नापास झाली त्याला गावात दुसरीकडे कुठेही प्रमाणपत्र मिळणार नाही असं झालं, की तो भांडायचं सोडून नोझल दाखवायला गॅरेजात जाईल.

याच दुखण्यातून मेक्सिको सिटी गेली आहे. तेही आपल्यासारखंच, वाढत्या गाड्यांचं आणि मर्यादित पैशांचं शहर. तिथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस धूरतपासणी सक्तीची झाली आणि छोट्या गॅरेजांना परवाने दिले गेले. तपासणारेही तेच, दुरुस्त करणारेही तेच. मग गिऱ्हाईक टिकवायला सैल सोडण्याची चढाओढ लागली. चाचणीपुरती गाडी ट्यून करायची आणि बाहेर पडल्यावर पुन्हा पहिल्यासारखी, असंही सर्रास चालायचं. शेवटी १९९०च्या दशकाच्या मध्यात त्या शहराने गॅरेजांचे परवाने काढून घेतले आणि फक्त तपासणी करणारी, दुरुस्ती न करणारी मोठी संगणकीय केंद्रं उभी केली. हवा सुधारायला त्याचा हातभार लागला, पण शेकडो छोट्या गॅरेजांच्या हातून ते काम कायमचं गेलं.

आपल्याकडेही वारं त्याच दिशेने वाहतं आहे. ट्रक, बस, रिक्षांच्या पासिंगसाठी स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केंद्राने २०२१ मध्येच काढले. सक्तीच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या, तरी दिशा बदललेली नाही. शेजारच्या नाशकात असं केंद्र केव्हाच उभं राहिलं. हे नियम येण्याआधी पासिंगच्या कामाचं काय होत होतं ते मुंबई उच्च न्यायालयासमोर आलं होतं. ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक नसतानाही प्रमाणपत्रं दिली जात होती, आणि न्यायालयाला त्यात हात घालावा लागला. पीयूसीवर ती वेळ आली तर पंपाशेजारच्या व्हॅन आधी जातील. तुमचा हा धंदा टिकावा, तुमच्या पोरांना मिळावा, असं मला वाटतं. तो टिकवायचा तर प्रमाणपत्रावर लोकांचा विश्वास बसायला हवा.

गॅरेजवाल्यांशी थोडं वेगळं बोलायचं आहे, कारण बीएस-६च्या बाबतीत सगळी मदार तुमच्यावर आहे.

नव्या ट्रकमध्ये धुरासाठी दोन गोष्टी असतात. एक काजळी पकडणारा फिल्टर, डीपीएफ. दुसरी एससीआर, जिला आपण 'युरिया सिस्टीम' म्हणतो. टाकीतलं ३२.५ टक्के युरियाचं द्रावण गरम धुरात फवारलं जातं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडचं साधं नायट्रोजन आणि पाणी होतं. नायट्रोजनचे हे ऑक्साइड डोळ्यांना दिसत नाहीत, पण उन्हात त्यांच्यापासून ओझोन तयार होतो. आपल्या भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात उन्हाला काय तोटा? अशा वेळी कोणी ट्रकवाला येतो आणि म्हणतो, युरियाचा खर्च परवडत नाही, सिस्टीम बंद करून दे. बाजारात त्याचं छोटं यंत्रही मिळतं. ते बसवलं की गाडीच्या संगणकाला वाटतं सगळं ठीक चाललंय. कोणी डीपीएफ पोखरून रिकामा करून देतो. मित्रांनो, पीयूसीची डिझेल चाचणी फक्त धुराचा काळेपणा मोजते. नायट्रोजनचे ऑक्साइड ती मोजतच नाही, सूक्ष्म कणांचं वजनही मोजत नाही. बंद केलेली युरिया सिस्टीम कुठल्याही पीयूसी केंद्राला सापडणार नाही. ती फक्त तुम्हालाच माहीत असते. त्या कामाला 'नाही' म्हणणारा माणूस आज तुमच्याशिवाय कोणी नाही.

सायलेन्सरचंही तसंच. आतल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम-पॅलेडियमसाठी व्हॅनचे सायलेन्सर चोरीला जातात हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. चोरी झालेल्या गाडीला स्वस्तातला रिकामा सायलेन्सर बसवून देऊ नका. मालकाला आधी सांगा की त्याच्या गाडीतलं काय गेलं आहे.

हे एवढं जिवावर घेऊन का लिहितोय, तर जळगावमुळे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, तेव्हा ज्या शहरांची हवा देशाच्या मानकात बसत नव्हती त्यांच्या यादीत महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर यांच्याबरोबर आपलं जळगावही होतं. सगळा दोष गाड्यांचा नाही. रस्त्यावरची धूळ, बांधकामं, वीटभट्ट्या, शेतात पेटवलेल्या पऱ्हाट्या, हे सगळं त्यात येतं. पण डिझेलची काजळी फार बारीक असते, ती नाकाच्या उंचीवर सुटते आणि फुप्फुसात खोल जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. सुरत-नागपूर महामार्ग कितीतरी वर्षं जळगावच्या पोटातून वाहतोय. आकाशवाणी चौकात, इच्छादेवी चौकात सिग्नलला दुचाकीवर पुढे उभं केलेलं लेकरू ट्रकच्या सायलेन्सरच्या बरोबर समोर असतं. धुळ्यात तर सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन्ही मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. सावदा-रावेरची केळी, जळगावची डाळ, नंदुरबारची मिरची, सगळं चाकांवरच जातं, ते जायलाच हवं. वाहतूक थांबावी असं मी म्हणत नाही, ती धुराशिवाय व्हावी एवढंच म्हणतो.

आणि तो धूर सगळ्यात जास्त कोण खातं? तुम्ही. गॅरेजच्या शटरमागे दिवसभर रेस होणाऱ्या इंजिनाशेजारी तुम्ही उभे असता, तुमच्याकडे पाना धरायला शिकणारी सोळा-सतरा वर्षांची पोरं असतात. हाताखालच्या पोरांना मास्क द्या, धूर बाहेर नेणारा पाइप लावा, शटर उघडं ठेवा. यात थांबण्यासारखं काही नाही.

गरीब मालकाचा प्रश्न राहतो आणि तो मला सोडून द्यायचा नाही. काळी-पिवळीवाला किंवा जुन्या टेम्पोवर दूध नेणारा नापास झाला तर त्याची त्या दिवसाची कमाई जाते. त्याला हातात कागद देऊन हाकलून देऊ नका. नापास का झाला ते लिहून द्या: फिल्टर तुंबला, नोझल तपासा, पंपाचं सेटिंग बघा, रिंगा गेल्या. बहुतेक वेळा पहिली दोन कामं केली तरी धूर बराच कमी होतो, आणि काळा धूर म्हणजे त्याच्याच पैशाचं न जळलेलं डिझेल, हे त्याला समजावून सांगा. दुरुस्ती करून तो आला की दुसऱ्या तपासणीचे पैसे घेऊ नका.

हे तुम्ही करा, पण याचा खर्च तुमच्याच खिशातून जावा असं मला वाटत नाही. म्हणून परिवहन खात्याकडे आपण मिळून काही मागण्या करू. महाराष्ट्रात २०१० पासून जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर घेतला जातो, व्यावसायिक गाड्यांवर आठ वर्षांनंतर आणि खाजगी गाड्यांवर पंधरा वर्षांनंतर. तो पैसा ज्या गाड्यांतून येतो, त्यातला काही भाग त्यांच्याच दुरुस्तीला मिळावा. नापास झालेल्या रिक्षाचं, काळी-पिवळीचं नोझल आणि फिल्टर बदलायला अनुदान द्या. पीयूसीचा दर असा ठेवा की पूर्ण चाचणी घेणाऱ्याला ती परवडेल. आणि प्रत्येक केंद्राने किती गाड्या तपासल्या, किती नापास केल्या, हे दर महिन्याला जाहीर करा. सगळी पीयूसी 'वाहन' प्रणालीत ऑनलाइन नोंदली जाते, तेव्हा हा आकडा खात्याजवळ आहेच. ज्या केंद्रात महिनोन्महिने एकही गाडी नापास होत नाही, तिथे मुद्दाम बिघडवलेली गाडी घेऊन साध्या कपड्यातला निरीक्षक पाठवा. प्रामाणिक केंद्रचालकाला याची भीती वाटायचं कारण नाही. त्याची रिकामी व्हॅन यामुळेच भरेल.

२०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी 'पीयूसी नाही तर इंधन नाही' हे धोरण आणण्याची घोषणा केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली धुराच्या गुन्ह्याला आता दहा हजारांपर्यंत दंड आहे. दंडाची भीती वाढली की प्रमाणपत्राला मागणी वाढते. पण तपासणी खोटी असेल तर मागणीबरोबर खोटी प्रमाणपत्रंच वाढतील. म्हणून हे सक्तीचं पाऊल पडण्याआधी आपलं घर नीट व्हायला हवं.

माझा प्रस्ताव असा. खंडेनवमीला तुम्ही सगळे अवजारं धुता, यंत्रांना हार घालता. त्या दिवशी तालुक्या-तालुक्यातल्या केंद्रचालकांनी आणि गॅरेजवाल्यांनी एकत्र बसावं. प्रत्येकाने आपलं गॅस अ‍ॅनलायझर आणि स्मोक मीटर सोबत आणावं. एकच गाडी सगळ्या यंत्रांवर तपासू, म्हणजे कोणाचं यंत्र चुकतंय ते तिथेच कळेल. ज्यांची चुकतात त्यांचं कॅलिब्रेशन एकत्र करून घेऊ, म्हणजे बोलावलेल्या माणसाचा खर्च वाटला जाईल. खात्याला द्यायच्या निवेदनावर तिथेच सह्या करू. आणि दसऱ्यापासून, निदान आपल्या तालुक्यात, फोटोवर पीयूसी मिळणार नाही असा फलक प्रत्येक केंद्रावर लावू.

पहिली बैठक धुळ्यात घ्यायची तयारी मी करतो. जळगाव आणि नंदुरबारकडच्यांनी आपापल्या तालुक्यांची जबाबदारी कोण घेणार ते ठरवून कळवावं. ज्याच्याकडे जुनी, धूर सोडणारी डिझेल गाडी असेल, त्याने ती न दुरुस्त करता तशीच घेऊन यावी. पहिली चाचणी तिच्यावर घेऊ.

आपला,
आयटीआयमधला तुमचा जुना निदेशक
धुळे